चेक इंजिनचा दिवा आणि तालुक्याचा मेकॅनिक : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : दुचाकींच्या दुरुस्तीची माहिती, स्कॅनर आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

साहेब, आपल्याकडे रस्त्यांबद्दलची पत्रं ढिगाने येत असतील. हे पत्र रस्त्याबद्दल नाही. त्या रस्त्यावर चालणारी दुचाकी बंद पडली की पुढे काय होतं, त्याबद्दल आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात राहतो. खतं-बियाणांच्या कामासाठी रोज वाड्या-वस्त्यांवर मोटरसायकलने फिरतो. आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांवर एसटी येते ती सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात माणूस, दुधाचा कॅन, शाळेचं पोर आणि दवाखान्यातला पेशंट, सगळं दुचाकीवरच. माझी गाडी बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषांची, फ्युएल इंजेक्शनची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चार दुचाकीवाले पारावर बसले तर चौघांच्या कंपन्या वेगळ्या निघतात आणि गाऱ्हाणं एकच निघतं.

आधी एक कबूल करतो : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं, ते चांगलं झालं. पेट्रोलमधलं गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. डिसेंबरच्या थंडीत चोक ओढून किका मारत बसावं लागत नाही, बटण दाबलं की गाडी चालू होते. ॲव्हरेजही बरं मिळतं. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या आठवणीत उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. (आमच्या भागात बजाज एम-८० वर दोन्ही बाजूंना कॅन लावून घाट चढणारे दूधवाले मी पाहिलेत. त्यांना त्या गाडीबद्दल जिव्हाळा होता, पण तिच्या धुराबद्दल कुणालाच नव्हता.)

प्रश्न आहे तो मीटरवरच्या पिवळ्या दिव्याचा. इंजिनाच्या चित्राचा. तो लागला की आमच्या तालुक्यातला मेकॅनिक हात पुसतो आणि म्हणतो, "कंपनीत न्या."

हा माणूस नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की टायमिंग चेन, ते सांगतो. कोनसेट, क्लचप्लेट, चेन-स्प्रॉकेट ही त्याची रोजची कामं. पण दिवा कोणत्या सेन्सरमुळे लागला हे सांगणारा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकात असतो, आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी सीटखाली सहा पिनांचा लाल कनेक्टर दिलेलाच असतो. म्हणजे बोलायची सोय गाडीत आहे, पण कंपनीची भाषा कंपनीच्याच यंत्राला कळते. बाजारात हजारो रुपयांचे मल्टिब्रँड स्कॅनर मिळतात. त्यातले काही कोड दाखवतात आणि तिथेच थांबतात. नवं मॉडेल आलं की परत अपडेटचे पैसे. तालुक्याच्या गॅरेजवाल्याने ते किती वेळा भरावेत?

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी मिसिंग मारायला लागली आणि दिवा लागला. पिकअप भाड्याने करून गाडी तालुक्याबाहेरच्या अधिकृत सर्विस सेंटरला नेली. तिथे जॉब कार्डावर आधी सही घेतली, खर्चाचा आकडा नंतर फोनवर कळवला. फ्युएल पंप खराब, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. वॉरंटी संपलेली. पार्ट स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर केलाय. रोज फोन, रोज "उद्या नक्की". ऐन पेरणीत मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर मागे बसून फिरलो. गाडी मिळाली तेव्हा बिलात मी न सांगितलेलं इंजिन फ्लश आणि पॉलिश होतं. जुना पंप मागितला, तर "तो स्क्रॅपला गेला". आठवडाभरात गाडी पुन्हा तशीच मिसिंग आणि दिवा पुन्हा चालू. शेवटी आमच्याच मेकॅनिकने टाकी उतरवली. चेसिसला घासून टाकीखालची एक वायर सोललेली होती आणि कनेक्टरला हिरवा गंज चढला होता. त्याने साफ केलं, टेप मारली. दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर दिवा आपोआप विझला. पंप बहुतेक चांगला होता. बहुतेकच म्हणतो, कारण तो माझ्या हातात आलाच नाही.

सर्विस सेंटरमध्ये एक गोष्ट घडते जी मंत्रालयाच्या कोणत्याही कागदावर येत नसावी. गाडी ताब्यात देताना तिथला पोरगा हळूच म्हणतो, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा. नऊ सांगितले तरी माझं इन्सेंटिव्ह कापतात." माणूस हाडाचा वाईट नसेल तर दहाच सांगतो. मीही सांगितले. ज्या माणसाने मला पाण्याची बाटली आणून दिली त्याचा पगार मी का कापू? पण कंपनीच्या पडद्यावर माझी ती बिघडलेली सर्विस 'पूर्ण समाधानी' म्हणून उमटली. असे लाखो दहा-दहा गोळा होत असतील, आणि त्यांच्या जोरावर "आमचे ग्राहक समाधानी आहेत" असं आपल्यासमोर सांगितलं जात असेल. उद्या एखाद्या बैठकीत कुणी असा आकडा दाखवला, तर तो कसा जमला ते कृपया विचारा.

त्या पोरांवर माझा राग नाही. दिवसाला अमुक इतक्या गाड्या काढायच्या, अमुक इतकं ऑइल आणि पॉलिश विकायचं, असं टार्गेट मानेवर असेल तर वायर शोधत टाकी उतरवायला वेळ कुणाला आहे? असेंब्ली बदलणं लवकर होतं. डीलरवरही वरून दाब असतो. चुकीची आहे ती रचना : निदान करण्याचा अधिकार एकाच दारात, पार्ट त्याच दारात, आणि तक्रारही त्याच दारात. दुसरं दार उघडं असलं की पहिल्या दारातलं वागणं आपोआप सुधारतं.

आपल्या देशात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणूनच. बाहेर काम केलं की वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली. पण ते प्रकरण चारचाकींचं होतं. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या, आणि त्यांच्या मालकांना शोरूममध्ये आजही तोंडी हेच सांगतात : "बाहेर खोलली तर वॉरंटी गेली."

ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनं होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. आमच्या मेकॅनिकच्या मुलाने ते मोबाइलवर उघडून पाहिलं. कस्टमर केअरचा नंबर मिळाला, वायरिंगचा नकाशा मिळाला नाही. मोबाइल आणि घरगुती उपकरणं दुरुस्तीला किती सोपी आहेत याचा निर्देशांक ठरवायचं कामही त्या खात्याने हाती घेतलं. चांगलंच आहे. पण मोबाइल बिघडला तर माणूस घाटात अडकत नाही.

म्हणून हे पत्र ग्राहक खात्याला न लिहिता आपल्याला लिहितोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ११० गाड्यांची बांधणी, उपकरणं आणि देखभाल यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं. देखभाल हा शब्द त्या कलमातच आहे. नवा कायदा नको, संसदेत मतदान नको. एक अधिसूचना पुरेल.

तिचा मसुदा कुठून घ्यायचा, तेही सांगतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये दुचाकी-तीनचाकींसाठी १६८ क्रमांकाचा नियम केला. तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गाडीला मान्यता हवी असेल, तर दुरुस्ती आणि देखभालीची माहिती स्वतंत्र गॅरेजनाही, अधिकृत डीलरपेक्षा दुजाभाव न करता, वेबसाइटवर खुली करायची. वाजवी शुल्क घेता येईल. आता गंमत पाहा. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक युरोपात विकली जाते. तिथल्या एखाद्या खेड्यातला मेकॅनिक चाकणच्या गाडीची माहिती हक्काने मागू शकतो. चाकणपासून हाकेच्या अंतरावर गॅरेज टाकलेल्या आपल्या पोराला तो हक्क नाही. कंपन्यांना हे जमत नाही असं म्हणायला जागाच उरत नाही, तिकडे त्या ते करतायतच. अमेरिकेतही २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनला वॉरंटीतल्या अशाच जाचक अटी काढायला लावल्या.

कंपन्या सुरक्षेचं कारण देतील. किल्ली आणि इमोबिलायझरचे (चुकीच्या किल्लीने गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) कोड सगळ्यांना दिले तर चोऱ्या वाढतील, हे मला पटतं. तेवढी माहिती नोंदणीकृत मेकॅनिकलाच द्या, आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल झालेली मुलं गावोगाव आहेत. नकली पार्टचंही कारण देतील, आणि तेही खरं आहे. नकली ब्रेकशूने माणसं पडतात. पण ओरिजिनल पार्ट काउंटरवर वेळेत आणि छापील किमतीत मिळाला तर नकली कोण घेईल? सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याबद्दल आभार. पण कर कमी होऊनही जो पार्ट दुकानात मिळतच नाही, त्याचं काय करायचं?

सुरक्षेचाच मुद्दा असेल तर उलट बाजूही बघावी. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. चिखलाने सेन्सर भरला की एबीएसचा दिवा लागतो, आणि शहरापर्यंत जायला वेळ नसलेला माणूस तसाच चालवत राहतो. चेक इंजिनच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बीएस-६ च्या सगळ्या खर्चाचं आणि कष्टाचं फळ त्या चिकटपट्टीखाली झाकलं जातंय. गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते. पाचव्या वर्षी ती स्वच्छ राहील की नाही हे तालुक्याचा मेकॅनिक ठरवतो. त्याला आंधळं ठेवून प्रदूषण कमी होणार नाही.

इथेनॉल हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून एवढंच. ऊस आम्हीही लावतो, ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, विरोध नाही. जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं. पण आता सर्विस सेंटरला प्रत्येक बिघाडासाठी तयार उत्तर मिळालंय : "पेट्रोलमध्ये पाणी होतं." पंपवाला म्हणतो पेट्रोल चोख आहे. दोघांमध्ये मालक उभा. कारण इंधनच आहे असं म्हणायचं असेल तर ते जॉब कार्डावर, तपासणीच्या नोंदीसह लिहून द्यावं, एवढं तरी बंधन घाला. जुना पार्ट मालकाला परत द्यावा, हेही त्याच ओळीत बसेल.

आणि रिकॉलबद्दल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावण्याबद्दल. कायद्यात कलम ११० अ आलं, एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या दोषाची तक्रार आपल्या मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते, कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या भागात हे माहीत असलेला एकही दुचाकीवाला मला भेटलेला नाही. अमेरिकेत कोणत्या मॉडेलबद्दल काय तक्रारी आल्या, हे वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं. आपल्याकडेही मॉडेलवार तक्रारी लोकांसमोर उघड्या ठेवा, आणि पोर्टलचा पत्ता आरसी बुकासोबत येऊ द्या.

अधिसूचनेचा मसुदा निघाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. आमच्या तालुक्यातले गॅरेजवाले सूचना पाठवायला तयार आहेत. कोणत्या गाडीचा कोणता कोड त्यांना वाचता येत नाही, याची वहीच त्यांच्याकडे आहे. त्यांना इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही. मराठीत पाठवलेल्या सूचना घेतल्या जातील आणि त्यांची पोच मिळेल, एवढी व्यवस्था आपल्या कार्यालयाने करावी.

आपला,
पाटण तालुक्यातला एक दुचाकीमालक