स्मारक नाणी पुन्हा सुट्या पैशांत यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या जुन्या नाण्यांना लाखोंची किंमत मिळते, अशा आशयाचा मजकूर आपल्या अंकात नुकताच वाचला आणि चाळीसेक वर्षे नाणी जमवणारा वाचक म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. त्याची एखादी ओळ त्या मजकुरात हवी होती. परंतु नाणेसंग्रह म्हणजे लॉटरी हा समज केवळ भामट्यांमुळे पसरलेला नाही. थोर व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेले स्मारक नाणे सहज हाती पडण्याचे प्रसंगच कमी झाले आहेत, आणि त्यात सरकारी धोरणाचाही वाटा आहे.

माझ्या संग्रहातली संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आणि संत तुकारामांचा २००२ चा रुपया, ही तिन्ही नाणी मला वाणी, भाजीवाली आणि एस.टी.चा कंडक्टर यांनी परत दिलेल्या सुट्या पैशांत मिळाली. त्यांसाठी दमडीही जादा मोजावी लागली नाही. आजही माझी नात भिंग घेऊन बसते आणि सालाच्या आकड्याखालची मोहरीएवढी खूण शोधते. पत्त्यांतल्यासारखी चौकट दिसली तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एकाच सालाच्या पाच रुपयांच्या नाण्यात तिची सगळी दुपार निघून जाते. (जाता जाता: आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा सापडला तर तो चिंच लावून घासू नये, चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.)

याउलट संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनानिमित्त मे २०२३ मध्ये निघालेले ७५ रुपयांचे नाणे पाहा. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर आणि धातूत निम्मी चांदी. ते टांकसाळीकडून अंकित मूल्याच्या कित्येक पट रक्कम मोजूनच घ्यावे लागते. मौल्यवान धातूची नाणी काढू नयेत, असे माझे म्हणणे नाही. तसली काही मीही हौसेने घेतली आहेत. पण ती डबीतच राहतात, बोटाचा ठसा उमटेल म्हणून कोणाच्या हाती देववत नाहीत.

लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीनिमित्त १०० रुपयांच्या नाण्यासोबत पाच रुपयांचेही नाणे निघाले होते. हीच पद्धत प्रत्येक स्मारक नाण्याला लावावी, म्हणजे जड नाणे हौशी लोकांसाठी आणि त्याच चित्राचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे बँकेमार्फत सर्वांसाठी, एवढीच माझी सूचना आहे. हे अवघड नाही. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १ ते २० रुपयांची नाणी २०२२ मध्ये चलनासाठीच काढली गेली.

चित्रे वाढली की गोंधळ वाढतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. दहा रुपयांची नाणी दुकानदार घेईनात, तेव्हा चौदाही प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. पण तो दोष चित्रांचा नव्हे, माहितीच्या अभावाचा होता. तेव्हा चलनात येणाऱ्या प्रत्येक नव्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आपल्या दैनिकाने ठळकपणे छापावे, अशी विनंती आहे. आमच्या वाण्याच्या गल्ल्याशेजारी ते कात्रण मी स्वतः चिकटवीन.

आपला,
एक नाणेसंग्राहक, सातारा