जर्मन शिकताना प्रश्न विचारायलाही शिकावे

महोदय,

नोकरी किंवा उच्चशिक्षणासाठी जर्मनीला जाऊ पाहणाऱ्यांमुळे पुण्या-मुंबईत जर्मनच्या वर्गांना सध्या चांगली गर्दी असते. मी स्वतः असे वर्ग घेते आणि त्यापूर्वी काही वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहिले आहे. या दोन्ही अनुभवांतून जाणवलेली एक उणीव आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडू इच्छिते.

जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ (मध्यम पातळीच्या) परीक्षेत तोंडी भागाची सुरुवातच ‘मिळून काहीतरी ठरवा’ या कामाने होते. दोन परीक्षार्थींनी सुमारे तीन मिनिटांत एखादा निरोपसमारंभ किंवा वाढदिवस आखायचा असतो. त्यासाठी बहुतेक विद्यार्थी ‘छान कल्पना आहे’, ‘मला मान्य आहे’ अशी वाक्ये घोकून येतात, एकमेकांच्या प्रत्येक सूचनेला माना डोलावतात आणि ‘वेर क्युमर्ट झिश उम डी गेट्रेंके?’ म्हणजे ‘पेयांचे कोण बघणार?’ इतका साधा प्रश्नही कोणी विचारत नाही.

याची किंमत तिकडे गेल्यावर मोजावी लागते. गणपतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही एक लहानसे सभागृह घेतले, तेव्हा भाडे आणि खुर्च्या यांची चौकशी मी नीट केली होती. मात्र ‘बिस वान म्युसेन विर राउस झाइन?’ (किती वाजेपर्यंत जागा सोडायची?) आणि ‘इस्ट डी एंडरायनिगुंग इम प्राइस एंटहाल्टेन?’ (शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का?) हे दोन प्रश्न राहून गेले. रात्री दहानंतर तिकडे शांतता पाळावी लागते, त्यामुळे आरती घाईघाईत उरकली. मग आम्हीच फरशी पुसली आणि ती मनासारखी झाली नाही म्हणून अनामत रकमेतून पैसेही कापले गेले. मालकांनी काही लपवले नव्हते. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

वेळेचा घोटाळा तर हमखास होतो. ‘हाल्ब झीबेन’ (शब्दशः ‘अर्धे सात’) ऐकून आपण साडेसात समजतो, प्रत्यक्षात ते साडेसहा असतात; आणि जर्मन शेजारी साडेसहाला दारात उभे राहतात तेव्हा आपली कणीकही मळून झालेली नसते. खरे तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपल्या ‘अडीच’चे मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा, आणि जर्मन ‘हाल्ब द्राय’ (‘अर्धे तीन’) म्हणजेही अडीचच. वर्गात हे एवढे सांगितले, तरी पुढे चूक होत नाही. तरीही शंका असेल तर ‘आल्झो उम झेक्स उर द्रायसिश?’ (म्हणजे सहा वाजून तीस मिनिटांनी ना?) असे विचारून खात्री करून घ्यावी.

खाण्याच्या बाबतीत ‘शाकाहारी आहे का?’ एवढ्यावर थांबू नये, कारण तिकडच्या शाकाहारात अंडे बसते. केकपुढे उभे राहून ‘इस्ट दा आय ड्रिन?’ (यात अंडे आहे का?) असे सरळ विचारावे. ‘इश लादे दिश आइन’ (मी तुला आमंत्रण देतो) हे वाक्य उपाहारगृहाबद्दल असेल तर बिल बोलणाऱ्याने द्यायचे असते, हेही कित्येकांना ठाऊक नसते. शिवाय मित्राला ‘पास्ट एस दीर?’ (तुला चालेल का?) आणि सभागृहाच्या मालकांना ‘पास्ट एस ईनेन?’ (आपल्याला चालेल का?) हा फरक ‘तू’ आणि ‘आपण’ वापरणाऱ्या आपल्या मुलांनी तरी चुकवू नये.

वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, पाठ्यपुस्तकातील तयार संवाद वाचून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या घरचा एखादा समारंभ जर्मनमधून आखायला लावावा. शिक्षकांनी सभागृहाचे मालक व्हावे आणि जेवढे विचारले जाईल तेवढ्याचेच उत्तर द्यावे. माझ्या वर्गात पहिल्या वेळी निम्म्या मुलांना स्वयंपाकघराची किल्लीच मिळाली नव्हती.

आपली नम्र,
एक जर्मन शिक्षिका, पुणे