कट लागली होती

ठाणे, सोमवार रात्र

प्रिय बाळ्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, आता शिमगा आला. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद.

मागच्या रविवारी मी रडीचा डाव खेळलो. तोही अंपायर असताना.

घोडबंदर रोडला आता दर चार टॉवरांमागे एक टर्फ झालंय. जाळीचा पिंजरा, हिरवं प्लास्टिक, तासावर भाडं. आमच्या सोसायटीतल्या पोरांची तिथे लीग चालते. चेंडू टेनिसचा, पण पाठीवर नाव-नंबर, आणि बाहेर आईबाप असे बोंबलतात की आपल्या फायनलला सेंट्रल मैदानावरही एवढा आवाज नव्हता. समोरच्यांचा एक पोरगा आला नाही, म्हणून त्यांनी आमच्या गाड्या धुणाऱ्याच्या मुलाला घेतलं. पायात चपला. टर्फवाला आत सोडेना, मग कुणाचे तरी जुने बूट शोधले, दोन नंबर मोठे. त्या बुटांत काय टाकत होतं रे पोरगं!

शेवटचे तीन चेंडू, आम्हाला सहा हव्यात, ओम खेळतोय. (अंपायर मी, आणि लिहितोय 'आम्हाला'. बघ.) त्या बूटवाल्या पोराचा चेंडू जरासा बाहेर निघाला, कट लागली, कीपरने धरला. टेनिसच्या चेंडूची कट ऐकू येत नाही म्हणतात. मला आली. आणि मान आडवी हलली.

त्याच्या टीमची पोरं किंचाळली, त्यांचे बाप जाळीला लटकले. ज्याची विकेट होती तो एकटा गप्प. माझ्याकडे क्षणभर बघितलं, "ठीक आहे काका" म्हणाला आणि मागे वळला. इथे आपण आवाज चढवायचा नाही, हे त्याला कुणी सांगायला लागलं नाही. मग ओमचा चौकार, मग दोन पळून. जिंकलो. गाडीत बसताना ओम हळूच म्हणाला, "थँक्स बाबा."

तेव्हापासून तू डोक्यात बसलायस.

1995. कबड्डीची फायनल, बरोबरी, शेवटची चढाई. कळव्याचा तो लंबू मध्यरेषेला पोचलासुद्धा. तुला त्याचा हात लागलेला पंचाला दिसला नव्हता, लंबूला स्वतःला कळलं नव्हतं, आणि तू डाव्या कोपऱ्यातून हात वर करून बाहेर! एका गुणाने गेलो. अण्णा तुझ्याशी न बोलता सायकल काढून निघून गेले. मी तुला तलावपाळीवर सगळ्यांदेखत 'हरिश्चंद्राची औलाद' म्हणालो आणि वर्षभर तोंड बघितलं नाही. त्या कपावर बँकेत खेळाडू म्हणून चिकटता येईल, असं मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. चिकटलो नसतोच, आपल्या वरचे दहा जण रांगेत होते. पण तेव्हा तूच माझी नोकरी घालवलीस असं वाटायचं.

समेटानंतरही भांडण तेच. तुझं पेटंट उदाहरण वानखेडेचं, 1980. टेलरला बाद दिलेलं असताना कॅप्टन विश्वनाथने परत बोलावलं. इंग्लंड 5 बाद 58 होतं, मग टेलर आणि बोथमने 171 जोडल्या आणि आपण 10 विकेट्सनी हरलो, हे शेपूट मी जोडायचो. तू म्हणायचास, हरलो ते कुणाला आठवतंय? 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये चेन्नईला अंपायर नाबाद म्हणत असताना सचिन दोनवर चालता झाला, तेव्हा तुझा लगेच फोन. मुद्दाम उचलला नव्हता.

मी आपला नियमवाला. 2022 मध्ये दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून निघालेल्या डीनला धावबाद केलं आणि इंग्रज खवळले, तेव्हा मी तुला तासभर पिळलं होतं. 1947 साली सिडनीत विनू मांकडने तेच केलं, नियमात बसत होतं, तरी पाऊणशे वर्षं त्याचं आडनाव शिवीसारखं वापरलं. आजही मी दीप्तीच्या बाजूने. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये तिने पाच काढल्या, त्या रात्री मी तिथेच घसा बसवून घेतला. पण तिने केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नियमाने. माझ्या बाजूला रविवारी नियमही नव्हता.

हिला सांगितलं. म्हणाली, पोरांचा खेळ आहे. म्हटलं, उद्या ओम कुठेतरी साहेब होईल आणि हाच पोरगा अर्ज घेऊन समोर उभा राहील. म्हणाली, तू आधी झोप.

बुधवारी पार्किंगमध्ये तो बापाबरोबर गाड्या पुसत होता. मी पाचशेची नोट काढली. "या महिन्याचे दिलेत तुम्ही काका," म्हणाला. मी नोट परत खिशात ठेवली. बोलायचं ते तोंडातच राहिलं. ओमलाही अजून काही बोललो नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? मुक्ताचे पेपर कसे चाललेत? मोहोर टिकला का यंदा? सगळं सविस्तर कळव, किंवा नको, भेटच.

कारण या रविवारी फायनल आहे. दोन्हीकडच्या आईबापांनी अंपायर म्हणून एकमताने मलाच धरलंय. 'काका एकदम न्यूट्रल.' शनिवारच्या मांडवीने ठाण्याला उतर, स्टेशनवर येतो. आणि एक सांगायची तयारी ठेव. हात वर करायच्या आधी तू माझ्याकडे बघितलं होतंस. तेव्हा तुझ्या मनात काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही.

तुझा
नंद्या

ता. क. बूट आणलेत, पाच नंबरचे. अंदाजानेच. डिकीत पडून आहेत.