आई-बाबा, गाडी ठरवली

प्रिय आई, बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर "बघू" म्हणालात आणि तुमच्या "बघू"चा अर्थ मला चौथीपासून माहितीये, म्हणून परत न विचारता टोकन देऊन टाकलं. कोरोलाचं. सिव्हिकचं नाही. रागवा, पण पूर्ण वाचून.

दोन्ही २०१० च्या, दोन्ही १.८ लिटर पेट्रोल, दोन्हींच्या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन, म्हणजे बेल्ट बदलायची कटकट कुठेच नाही. सिव्हिक चालवायला भारी आहे, मान्य, मी चालवून आले आणि तो वरचा डिजिटल स्पीडोमीटर तुम्हाला किती आवडला असता हे सारखं मनात येत होतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पण तिचा २७०० मिमी, कोरोलाचा २६००, लपवत नाही. पण ती बसकी आहे हो. बाहेर येताना मला दाराला धरून उठावं लागलं, मला! तुमचे गुडघे ठणठणीत आहेत, आईसाठी म्हणतेय. कोरोलाची सीट जरा उंच, त्यात नुसतं टेकायचं.

आणि खरं सांगू, सिव्हिकवरून मन उडालं ते बॉनेटला हात लावला तेव्हा. मी पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं, म्हणजे थंड असताना सुरू कशी होते ते कळूच नये. कोरोला सकाळी थंडगार असताना माझ्यासमोर सुरू केली, धूर नाही, खडखड नाही. लिफ्टवर चढवून खालून पण बघितली, पत्रा शाबूत आहे. टायरवर मात्र २३१८ आकडा निघाला, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, नक्षी छान दिसते पण रबर म्हातारं झालंय, चारही बदलतेय.

आई, मागे एसीची हवा नीट येते, मी मुद्दाम तुझ्या बाजूला बसून बघितलं. तुझी पाठीची उशी जुन्या गाडीतून काढून ठेव, विकताना त्यातच जायची. त्याच उशीवर झोपायचे ना मी, आणि बाबा गिअर टाकताना माझा हात खाली धरायचे, मला वाटायचं गाडी मीच चालवतेय.

आता ऐका. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. त्या पावसातल्या रात्रीबद्दल मी काही बोलत नाहीये, तुमची चूक नव्हतीच, पण नाही म्हणजे नाही. चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड मी बदलून आणतेय, तुम्ही परत गॅरेजला जाऊ नका.

आणि पहिली चक्कर माझ्याशिवाय मारायची नाही. दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच आहेत.

तुमची,
चिमी