वॉकर आणायला जाल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, बरं झालं. वॉकर आणि कमोड खुर्ची मात्र विकत घेऊ नका. काही महिन्यांचं काम, मग माळ्यावर धूळ खात पडायचं. रोटरीच्या रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून आणा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातच जा आणि आईला बरोबर न्या, कारण वॉकर माणसाच्या मापाने लावावा लागतो.

आई, ताठ उभी राहा, हात सैल सोड. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंच झाला तर खांदे वर चढतात, बुटका झाला तर कंबर वाकते. बाबा, चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात ‘टक्’ करून बसलीत ना, ते बोटाने चाचपा. मग वॉकर उलटा करून तळाची रबरी बुचं बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल किंवा आतली नळी दिसत असेल, तर ओल्या फरशीवर तो सरकणारच. बुचं स्वस्त असतात, नवी बसवून घ्या. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून न्या. वॉकर आत गेलाच नाही, तर आई नेमकी ओल्या जागी भिंत धरून चालेल.

चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. खुर्चीतून उठताना वॉकर धरून ओढू नकोस, तो अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ऊठ.

आता बाबा, क्लबने तुम्हाला केंद्राची नोंदवही सांभाळायला विचारलंय, त्याबद्दल. जरूर घ्या. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी क्लब काढला तेव्हा बैठका आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत होत, म्हणून नाव ‘रोटरी’. पदंही अशीच फिरतात: दर १ जुलैला नवा अध्यक्ष, नवी कार्यकारिणी. भाषणांना ते ठीक आहे, साहित्याला नाही. जूनमध्ये बाहेर गेलेली खाट कोणाकडे आहे, हे जुलैत कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून वर्षं उलटली तरी वही एकाच माणसाकडे हवी.

प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घाला. वहीत नेणाऱ्याचा आणि आणखी एका नातेवाइकाचा फोन, परतीची तारीख आणि सुटे भाग लिहा. खाटेचं डोकं वर करायचा हँडल आणि हवेच्या गादीचा पंप याच दोन गोष्टी सर्रास मागे राहतात. परतीच्या तारखेला फोन कराल तेव्हा आधी पेशंटची चौकशी करा. पेशंट गेलेला असतो आणि घरच्यांना ती खाट परत द्यायचं सुचलेलंच नसतं. अनामत त्याच दिवशी परत द्या, वस्तू वेळेवर येऊ लागतात.

हवेची गादी परत आली की अर्धा तास फुगवून ठेवा, मगच पुढे द्या. नेणाऱ्याला हेही सांगा: पेशंटच्या कमरेखाली तळहात सरकवून साधारण इंचभर हवा जाणवायला हवी. नळी खाट आणि भिंतीमध्ये चेमटली किंवा वीज गेली, तर पेशंट थेट फळीवर टेकतो. आणि गादी असली तरी कूस दर दोन तासांनी बदलायचीच. गादी आली म्हणजे ते काम सुटलं, असं समजणाऱ्यांच्याच घरी पेशंटला पडून पडून दाबाच्या जखमा होतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रं, २०२१च्या कोरोनाच्या लाटेनंतर बऱ्याच ठिकाणी नुसती पडून आहेत. आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषून घेणाऱ्या खड्यांना) दमट हवा लागली की यंत्र चालू दिसतं, पण ऑक्सिजन पातळ देतं. नळी पाण्याच्या ग्लासात बुडवून बुडबुडे बघतात, त्यातून फक्त हवा येते एवढंच कळतं. शुद्धता मोजायला मीटरच हवा. पाच लिटरच्या यंत्राने पूर्ण प्रवाहावर, पंधराएक मिनिटं चालल्यावर, ९० टक्क्यांच्या वर दाखवायला हवं. क्लबला पहिली खरेदी मीटरचीच करायला लावा. नाकातली नळी मात्र प्रत्येक पेशंटला नवी, धुऊन दिलेली चालणार नाही.

वॉकर आणलात की मुठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या आईचा बाजूने एक फोटो पाठवा. उंची मी बघून सांगते.

तुमची,
ताई

ता. क. : आई, माप घेताना घरात घालतेस तीच चप्पल घाल, मागे पट्टा असलेली.