मूडल मदत-सत्र : येत्या शनिवारी

सर्व प्राध्यापक बंधू-भगिनींना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता जळगावला आपल्या संगणक कक्षात मूडलचं (आपले ऑनलाइन वर्ग व असाइनमेंट चालवण्याच्या प्रणालीचं) मदत-सत्र आहे. धुळे-नंदुरबारहून येणाऱ्यांसाठी तेच दुपारी २ ला पुन्हा घेऊ.

- लॅपटॉप आणा. पासवर्ड घरीच तपासून या, निम्मा वेळ त्यातच जातो!
- 'ड्यू डेट' (जमा करायची तारीख) उलटली तरी मूडल असाइनमेंट स्वीकारतं, फक्त उशिराची नोंद करतं. स्वीकारणं थांबवायचं असेल तर 'कट-ऑफ डेट'ही घालावी लागते. मुलांशी वाद होतात ते बहुतेक इथेच, म्हणून यावर जास्त वेळ देऊ.
- मोठे व्हिडिओ चढवू नका, लिंक द्या. खेड्यातली मुलं मोबाइल डेटावर असतात.

गुरुवारपर्यंत गटावर नाव आणि वेळ कळवा.