कोरगुट भाताचा आरएनए खाजनातच वाचावा लागेल

मा. संपादक,

टोमॅटो, भात, कापूस अशा पिकांतील ‘लाँग नॉनकोडिंग आरएनए’च्या बातम्या हल्ली मराठीतही येतात आणि बहुतेकींचा सूर ‘आता पिकांना रोगच होणार नाही’ असा असतो. गोव्याच्या शेतीने, विशेषतः खाजनांत (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतांत) पिकणाऱ्या कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या भाताबाबत, यातून काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

जनुकावरून आरएनएची प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनते, एवढे शाळेत शिकवतात. पण दोनशेहून जास्त अक्षरे (आरएनएचे घटक, न्यूक्लिओटाइड) लांबीच्या हजारो प्रती अशा असतात, की त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही; हेच लाँग नॉनकोडिंग, म्हणजे लांब, आरएनए. त्यातल्या काहींचे काम दुसऱ्यांना आवर घालण्याचे किंवा मोकळे सोडण्याचे असते. टोमॅटोत ‘मायक्रोआरएनए 482बी’ नावाचा जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा एरवी रोगप्रतिकारक जनुकांच्या प्रती कापत राहतो, कारण संरक्षण सतत चालू ठेवणे झाडाला परवडत नाही. करपा आला, की एक लांब आरएनए त्या तुकड्याला स्वतःकडे गुंतवून ठेवतो आणि प्रतिकारक प्रती शाबूत राहतात. असे गुंतवणे 2007 साली ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात, स्फुरदाच्या टंचाईत, प्रथम दाखवले गेले. तिथे लांब आरएनएमध्ये तुकड्याशी जुळणाऱ्या अक्षरांच्या मधोमध तीन अक्षरे जादा असतात, त्यामुळे तुकडा चिकटतो पण कापू शकत नाही.

सगळेच लांब आरएनए मात्र झाडाच्या बाजूचे नसतात. कापसातले दोन गप्प केले तेव्हा मर रोगाचा प्रतिकार उलट वाढला, हे 2018 मध्ये दिसले. म्हणून ‘हा आरएनए वाढवा, रोग घालवा’ असे सरसकट सूत्र कोणी मांडले, तर ते बाजूला ठेवावे. आणखी एक सांगायला हवे: टोमॅटोवरचा करपा आणि आपल्या पोफळीवरचा कोळेरोग दोन्ही फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचेच. पण टोमॅटोतील शोधामुळे कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) फवारणी चुकत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे बोर्डो मिश्रण पाऊस लागण्याआधी घोसांवर बसायलाच हवे, पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा.

मीठ आणि दुष्काळाबाबतीत ॲराबिडॉप्सिसमधील ‘डीआरआयआर’ हा आरएनए 2017 मध्ये पुढे आला. तो जास्त बनवणारी रोपे दोन्ही ताणांत तग धरतात. मग तोच उचलून भातात का घालू नये? कारण प्रथिनांची जनुके जातीजातींत बरीचशी सारखी राहतात, तर लांब आरएनएची अक्षरे झपाट्याने बदलतात. एका वनस्पतीतला आरएनए दुसरीत पुष्कळदा सापडतच नाही. कोरगुट खारे पाणी कसे सोसते, याचे उत्तर म्हणूनच कोरगुटातच शोधावे लागेल.

आणि तेही खाजनात. साधारण भाताचे उत्पन्न मातीची क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घटू लागते, पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के. प्रयोगशाळेत रोपांना बहुधा एकदम मिठाच्या पाण्यात बसवतात. त्या धक्क्याने जागे होणारे आरएनए वेगळे. खाजनात मीठ भरतीबरोबर मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून), बांधाच्या भेगेतून हळूहळू चढते आणि पावसाने उतरते. नमुना घेताना क्षारता मोजली नसेल, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

नमुन्याचे तंत्रही सांभाळावे लागते. पान तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवे. बर्फाच्या डब्यातून पणजीपर्यंत नेलेल्या पानात निम्मी कहाणी पान तोडल्याच्या ताणाचीच असते. सर्व नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्यावेत, कारण अनेक आरएनए घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. प्रत्येक अवस्थेचे किमान तीन स्वतंत्र नमुने हवेत, त्यात रोप आणि फुलोरा या दोन अवस्था हव्याच, मिठाचा फटका तिथेच जास्त बसतो. केवळ ‘पॉली-ए’ शेपटीवाले (टोकाला ‘ए’ अक्षरांची माळ असलेले) आरएनए निवडले, तर बिनशेपटीचे हातचे जातात. त्याऐवजी रायबोसोमचा (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा) आरएनए काढून टाकावा आणि डीएनएचा कोणता धागा वाचला गेला, याची नोंद राहील अशी पद्धत घ्यावी. डीएनएचे अवशेष डीएनेझ या डीएनए तोडणाऱ्या विकराने साफ केले नाहीत, तर नसलेले आरएनएही ‘सापडतात’.

सापडलेला आरएनए खरेच काम करतो का, हे तपासताना क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राची नेहमीची युक्ती फसते. प्रथिनाच्या जनुकात एक-दोन अक्षरे गाळली की वाचनच बिघडते. इथे वाचन नसल्याने बहुधा काहीच होत नाही. आरएनएची प्रत निघणे सुरू करणारा प्रवर्तक भाग किंवा मोठा तुकडाच कापावा लागतो.

आमची मागणी एवढीच, की कोरगुटाचे बियाणे शीतगृहात ठेवून थांबू नये. काही खाजनांत दर सरदीच्या (पावसाळी) हंगामात ते पेरले जावे, पेरणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा आणि मानशीच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याची क्षारता दर पंधरवड्याला नोंदली जावी. हातात धरण्याचे क्षारतामापक यंत्र त्यासाठी पुरते, सीक्वेन्सिंगच्या (आरएनएची अक्षरे वाचण्याच्या) खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

आपले,
पीकशास्त्राचे दोन अभ्यासक, फोंडा